मीटरवरचा आकडा

जुनी गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो, ‘रनिंग किती झालंय?’ आकडा 40,000च्या आत असला की त्याचा चेहरा खुलतो. 1 लाखाच्या पुढे गेला की घासाघीस सुरू होते. या एका आकड्यावर बाजाराची इतकी श्रद्धा आहे की मीटर मागे फिरवून देणाऱ्यांचंही त्यावर पोट भरतं. हा आकडा अगदीच निरुपयोगी आहे, असं माझं म्हणणं नाही. टायर, ब्रेकचे पॅड, सस्पेन्शनचे रबरी बुश यांची झीज बरीचशी अंतराप्रमाणे होते. पण हे भाग बदलता येतात, आणि फारसे महाग नसतात. गाडी भंगारात जाते ती बहुधा इंजिन बसल्यामुळे किंवा पत्रा सडल्यामुळे, आणि या दोन्ही बाबतींत मीटर पुष्कळदा दिशाभूल करतो. 8 वर्षांत 30,000 किलोमीटर चाललेली गाडी 2 लाख चाललेल्या गाडीपेक्षा आतून अधिक थकलेली असू शकते.

असं का व्हावं? गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते पुन्हा सगळीकडे पोचेपर्यंत काही क्षण जातात आणि तेवढा वेळ धातूवर ऑइलचा अगदी पातळ थर असतो. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. ते सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं आणि ते पातळ करतं. त्यात भर पाण्याची. 1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 1 लिटर पाणी तयार होतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्याचं दुसरं काय होणार? इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापलेले असले तर हे पाणी वाफ होऊन निघून जातं. पण घर ते भाजी मंडई, मंडई ते शाळा, शाळा ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते आतच राहतं. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइलमध्ये गाळ धरू लागतो, आणि मीटर मात्र कौतुकाने कमी आकडा दाखवत राहतो. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थंड इंजिनाची भीती विलायतेतल्यांनी बाळगावी, असं कुणी म्हणेल. पण ऑइल नीट काम करतं ते 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्या हिशेबाने नागपुरातली मे महिन्याची सकाळसुद्धा थंडच. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं, असंही नाही. तो काटा कूलंटचा असतो. ऑइल त्याच्या मागून तापतं.

याची उलट बाजू दाखवणारं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांचं. न्यूयॉर्क राज्यातल्या या शिक्षकाने 1966 सालची व्होल्वो पी-1800 जन्मभर चालवली आणि 2013 मध्ये तिने 30 लाख मैल, म्हणजे जवळजवळ 48 लाख किलोमीटर पूर्ण केले. एरवी ही गोष्ट सांगितली जाते ती त्यांच्या नेमाने ऑइल बदलण्याबद्दल, आणि ते खरंच आहे. पण त्यांचं शाळेत जाण्यायेण्याचं अंतर रोज सुमारे 200 किलोमीटर होतं, याकडे फारसं कुणी पाहत नाही. म्हणजे ते इंजिन चालू असलेला बहुतेक वेळ पूर्ण तापलेलं, एका लयीत फिरत होतं. गॉर्डन यांचं इंजिन पुढे उघडून नव्याने बांधावं लागलं, मग ते जुनंच कसं म्हणायचं, हा आक्षेप योग्य आहे. मात्र पहिल्यांदा ती वेळ आली तीच मुळी 11 लाख किलोमीटरच्या सुमारास. एका गाडीवरून नियम सिद्ध होत नाही हेही मान्य. तरी आपल्या लांब पल्ल्याच्या टॅक्सींकडे पाहिलं तर चित्र फार वेगळं दिसत नाही.

आता चालवण्याच्या सवयी. इथे गणित सोपं आहे आणि निर्दय आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ताशी 80 वरून थांबताना ब्रेकना 40 वरून थांबण्याच्या चौपट उष्णता सोसावी लागते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत नेऊन शेवटी कचकन ब्रेक मारणारा चालक पेट्रोल विकत घेऊन पॅड तापवतो, दुसरं काही नाही. घाटात हेच गणित जिवावर येतं. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचं समर्थन इंधनबचतीच्या नावाने केलं जातं. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला थोडाफार आधार होता. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतरताना इंधन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते लागतच राहतं. म्हणजे बचतही नाही आणि सगळा भार ब्रेकवर. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर जड वाहनं न्यूट्रल करू नका, असं चालकांना वारंवार बजावावं लागतं ते यामुळेच. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर संकट दुप्पट. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी 155 अंशांवर येते. ते उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली जातं. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत किती ओल मुरत असेल, याचा अंदाज आंबोली किंवा वरंधा घाट उतरणाऱ्याने स्वतःच करावा.

देखभालीबद्दल सर्वांत तगडा आक्षेप गॅरेजवाल्यांवरच्या अविश्वासातून येतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की इंजिन फ्लश, कोटिंग, अमुक क्लीनिंग अशी बिलावर भर पडत जाते, मग माणूस वैतागून सगळंच टाळतो. वैताग रास्त आहे. पण त्यावरचा उपाय गाडीबरोबरच मिळालेला असतो आणि बहुतेक घरांत तो न उघडलेला असतो. मालकासाठीच्या पुस्तिकेत काय, केव्हा बदलायचं ते छापलेलं असतं. त्यात नसलेल्या कामाला खुशाल नकार द्यावा आणि असलेलं काम चुकवू नये. ती वाचताना दोन जागा मात्र नजरेतून सुटतात. एक म्हणजे ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ या वाक्याचा दुसरा भाग. कमी चालणाऱ्या गाडीचा मालक तो सोडून देतो, आणि नेमक्या त्याच गाडीचं ऑइल आधी खराब झालेलं असतं. दुसरी जागा म्हणजे खडतर वापरासाठी दिलेलं वेगळं वेळापत्रक. धूळ, सततची थांब-चाल, छोट्या फेऱ्या, कडक ऊन हे सगळं त्यात मोडतं. पुण्या-मुंबईची, खरं तर महाराष्ट्रातली बहुतेक शहरी गाडी त्यातच बसते. रेडिएटरचं तर विचारूच नये. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतून आपण त्यात क्षार साचवतो आणि मग इंजिन तापलं की कंपनीला दोष देतो.

शेवटचा आक्षेप असा, की जुनी गाडी इतकी टिकवायची कशाला? नव्या गाडीत एअरबॅग असतात, धूरही कमी असतो. यातला सुरक्षिततेचा मुद्दा मला निरुत्तर करतो. भंगार झालेली गाडी ओढत राहण्याचा पुरस्कार मी करणार नाही. पण अवघ्या सात-आठ वर्षांत निष्काळजीपणाने मेलेल्या गाडीला हा युक्तिवाद लागू पडत नाही. आणि कायद्याची वयोमर्यादा हा गाडीच्या प्रकृतीचा पुरावाही नव्हे. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. 20 वर्षांची मर्यादा भरताच, 2023 च्या ऑक्टोबरअखेर, पद्मिनीची टॅक्सी म्हणून असलेली कारकीर्द संपली. गाडी ठणठणीत असो की खिळखिळी, तारीख तीच. खासगी गाडीला मात्र 15 वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते. सरकारने वर्षं मोजावीत हे समजण्यासारखं आहे, कारण लाखो गाड्या कशा चालवल्या गेल्या हे त्याला कुठून कळणार? तो इतिहास मालकाच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, तारखांच्या बिलांत असतो, आणि गाडी विकायला काढताना साफसफाईत सर्वांत आधी तोच कचऱ्यात जातो.