आठवी गोळी सुटल्यानंतर



रिव्हॉल्व्हरचा विषय निघाला की चर्चा नेमाची होते. ते रिकामे झाल्यावर काय, हे क्वचितच कोणी विचारतो. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, न्यूहॉल येथे, महामार्ग पोलीस दलाचे चार तरुण शिपाई दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक जण रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरत असतानाच मारला गेला. सरावाच्या सवयीने त्याने रिकाम्या पुंगळ्या खिशात टाकल्या, अशी कथा पुढे रूढ झाली. तिच्या सत्यतेविषयी वाद आहे. त्यानंतर त्या दलाने सहाही काडतुसे एकदम भरणारे स्पीडलोडर स्वीकारले, हे मात्र निर्विवाद.

अमेरिकेत अनेक नागरिक वस्त्राआड छोटे रिव्हॉल्व्हर बाळगतात. हलक्या शस्त्रातून .३८ची गोळी झाडताना हाताला बसणारा झटका क्लेशदायक, काडतुसेही महाग. त्यामुळे सराव तोकडा पडतो. म्हणून त्याच आकाराचे .२२ रिमफायर रिव्हॉल्व्हर सरावासाठी वापरले जाते. हातात बळ कमी असलेले काही वृद्ध तर तेच जवळ बाळगतात.

या काडतुसाच्या बुडाशी स्वतंत्र टोपी नसते. आघाताने पेटणारे द्रव्य तळाच्या पोकळ कडेत असते. १८५७ साली स्मिथ अँड वेसनने असे सात गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा नळी वर उचलून चक्र बाहेर काढावे लागे आणि नळीखालच्या दांडीवर एकेक पुंगळी ढकलून काढावी लागे. आज आठ गोळ्यांचे चक्र बाजूला उघडते, तरी अडचण पुरती सरलेली नाही. आखूड नळीखालची दांडीही आखूड, त्यामुळे पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, त्यात.२२ची काजळी फार, आणि काजळी धरलेल्या भोकांत त्या चिकटतात. यासाठी नळी आकाशाकडे करून दांडीवर तळहाताचा एकच जोरकस आघात करावयाचा आणि मग नळी जमिनीकडे वळवून भरावयाचे. भीतभीत दाबले, तर एखादी पुंगळी चांदणीखाली अडकते आणि चक्र बंदच होत नाही.

घामेजल्या बोटांनी आठ बारीक काडतुसे बसविणे हेही सोपे नव्हे. रबरी पट्टीतून दोन-दोन भरण्याची रीत आहे. धोका समोर असेल तर दोनच भरून चक्र मिटावे लागते. तेव्हा ते कोणत्या बाजूला फिरते, हे ठाऊक हवे. स्मिथ अँड वेसनचे डावीकडे, कोल्टचे उजवीकडे. ही जाण वाचून येत नाही, बोटांनाच यावी लागते.

घरी सराव करताना खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावयाची. रिकाम्या भोकावर चाप ओढला तर जुन्या रिमफायर शस्त्राची पिन भोकाच्या कडेवर आदळून दोन्ही बिघडतात. त्यावर तेथील हौशी लोकांनी काढलेला उपाय मोठा गमतीचा आहे: भिंतीत स्क्रू बसविण्यासाठी मिळणारे पिवळे प्लॅस्टिकचे प्लग! ते .२२च्या भोकात चपखल बसतात आणि दुरूनही ओळखू येतात.

मैदानावर पुंगळ्या पडतील तेथे पडू द्यावयाच्या. इतर काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरता येतात, म्हणून त्या जपून ठेवण्याचा मोह होतो. रिमफायरची पुंगळी एकदा उडाली की निकामीच. गोळीबार थांबून शस्त्रे तपासली गेली की ती केराबरोबर झाडून नेतात.