लेक बर्लिनला, हिशेबाची वही घाटकोपरला

आम्ही घाटकोपरच्या भटवाडीतल्या बचत गटाकडून बोलतोय.

दर वेळी आपण पापड-मसाले, बँकेचं कर्ज यांवर बोलतो. आज विषय जरा लांबचा आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक शिकायला एक सहामाही जर्मनीत, बर्लिन शहरात राहून आली. तिच्या जाण्यासाठी पैसे आमच्या गटानं दिले. त्यात आमचं काय बरोबर झालं आणि काय चुकलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्या गावातल्या मुलीही आता कॉलेजात जातात. असं पत्र उद्या तुमच्याही घरी येऊ शकतं.

या ताई पोळी-भाजीचे डबे करतात. एका बैठकीला त्या कॉलेजचं पत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, "परदेशातलं कॉलेज म्हणजे लाखांनी फी. नाही म्हणून कळवून टाकू का?" आम्ही म्हटलं, आधी पत्र तर वाचू. लेकीलाच बोलावलं आणि सगळ्यांसमोर वाचून घेतलं.

तेव्हा कळलं की अशा देवाणघेवाणीत मुलगी आपल्याच कॉलेजची राहते. फी इथंच भरायची, तिथं शिकवण्याची वेगळी फी द्यावी लागत नाही. तिथं पास केलेले विषय इथल्या पदवीत धरतात. युरोपात १९८७ पासून एरास्मस नावाची योजना चालते. आधी ती तिथल्याच मुलांसाठी होती, आता आपल्याकडची मुलंही त्यातून जातात. इतरही शिष्यवृत्त्या असतात. आमच्या लेकीलाही एक मिळाली होती.

मग अडचण कुठं आली? शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता ती तिथं पोचल्यावर मिळणार होता. विमानाचं तिकीट, व्हिसा, आजारपणाचा विमा, खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, हे सगळं मात्र आधी भरायचं होतं. ताईंनी गटाकडे ऐंशी हजार रुपये मागितले.

बैठकीत दोन तट पडले. एक काकू स्पष्ट म्हणाल्या, "आपण पोटाला चिमटा काढून महिन्याला तीनशे टाकतो. ते पैसे विमानात घालवायचे?" त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आम्ही आजही म्हणणार नाही. गटाचा पैसा दुखण्याखुपण्याला लागतो.

तेव्हा आम्ही त्यांना इरावती कर्व्यांची गोष्ट सांगितली. इरावतीबाई १९२८ साली पुण्याहून याच बर्लिनला शिकायला गेल्या. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्यांनासुद्धा सुनेचं परदेशी जाणं पटलं नव्हतं. पती दिनकर कर्वे मात्र बाईंच्या पाठीशी उभे राहिले. आणि पैसा? तो जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतला होता. तिथं त्यांच्या प्राध्यापकांचा समज होता की गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवणच वेगळी असते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही आढळलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. १९३० साली डॉक्टर होऊन त्या परत आल्या. 'युगान्त' लिहिणाऱ्या त्या ह्याच.

काकू म्हणाल्या, "म्हणजे कर्ज काढून गेल्या. मग कर्ज म्हणूनच द्या, मदत म्हणून नको." तसाच ठराव झाला. व्याज शेकडा एक रुपया, महिन्याला पाच हजार मुद्दल, सोळा हप्ते. ताईंनी सही केली आणि लेकीनंही केली.

ऑक्टोबरात लेक गेली. पोचल्यावर चौदा दिवसांत राहण्याचा पत्ता सरकारी कचेरीत नोंदवायचा असतो, तो तिनं नोंदवला. रविवारी दुकानं बंद असतात, हे पहिल्याच रविवारी उपाशी राहून कळलं. पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की पंचवीस सेंट मिळतात, ते ऐकून ताईंना फार गंमत वाटली.

ताई रोज रात्री नऊला फोन करायच्या. तेव्हा तिथं संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असत, लेकीचा वर्ग सुटलेला असे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला आणि लेक फोन उचलेना. दोन रात्री ताई झोपल्या नाहीत, फोन वाजायची वाट बघत बसल्या. लेकीचा मेसेज येत होता, पण ताईंना वाचता येत नाही आणि रात्री कुणाला उठवायचं म्हणून त्या गप्प राहिल्या. झालं होतं एवढंच की त्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास मागं करतात. आपले नऊ म्हणजे तिथले साडेचार, लेक वर्गात. आता ताई साक्षरतेच्या वर्गाला येतात.

आमची खरी चूक नोव्हेंबरात उघडी पडली. गटातल्या दुसऱ्या एका ताईंचं ऑपरेशन ठरलं, तीस हजार तातडीनं हवे होते. गटाच्या खात्यात बारा हजार होते, बाकी सगळं कर्जात वाटलेलं. त्यातच शिष्यवृत्ती लांबली आणि डब्यातले पैसे लेकीला पाठवल्यामुळे त्या महिन्याचा हप्ताही चुकला. आम्ही घरोघरी फिरून अठरा हजार गोळा केले. सगळ्यांत जास्त, पाच हजार, दिले ते त्या विरोध करणाऱ्या काकूंनी. त्या बोलल्या काही नाहीत, पण आम्हाला मान वर करवेना. ऑपरेशन नीट झालं. पुढच्या बैठकीत पहिला ठराव केला: कर्ज कितीही गरजेचं असो, खात्यातला चौथा हिस्सा हलवायचा नाही.

लेक मार्चमध्ये परत आली. जाण्याआधी कोणते विषय शिकायचे याचा करार झाला होता, त्यावर तिची, इथल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तीन सह्या होत्या. तिथं गेल्यावर एक विषय बदलावा लागला. तिनं लगेच नव्या कागदावर सह्या घेतल्या, म्हणून पूर्ण सहामाहीचे तीसच्या तीस क्रेडिट इथं धरले गेले. "आई, तुमच्या गटात पाहिलं होतं, सही नाही तर ठराव नाही," असं ती म्हणाली.

तेव्हा मैत्रिणींनो, असं पत्र आलं तर घाबरून नाही म्हणू नका आणि हुरळून होही म्हणू नका. चार गोष्टी विचारा. फी कुठं भरायची? शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कधी हातात येणार? तोवर लागणारे पैसे किती? आणि परत आल्यावर विषय धरतील हे लेखी आहे का? उत्तरं वहीत लिहून घ्या, मग गटात बसा.

ताईंचे तेरा हप्ते फिटले आहेत, तीन राहिलेत. चुकलेला हप्ता लेकीनं स्वतःच्या शिकवण्यांच्या पैशातून भरला. आता गटाची वही तीच लिहिते, आणि लिहून झाल्यावर काकू ती तपासतात.