पांडेसऱ्यातील खानदेश

तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिच्याच खोऱ्यातून जाणाऱ्या उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातील शेतकरी व शेतमजूर कित्येक दशके सुरतेस येत आले आहेत. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांत त्यांतील अनेकांना काम मिळाले. त्यांच्याबरोबर अहिराणी बोली आली, सणवार आले, हातची कला आली आणि आजीबाईचा बटवाही आला. या सामानाचे पुढे काय होणार, हा खरा प्रश्न आहे.

गोधडीचेच पाहावे. जुनी सुती लुगडी एकावर एक पसरून, कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत गावाकडची स्त्री ती शिवते. पांडेसऱ्यात कापडाला तोटा नाही. पण ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे. ते घाम शोषीत नाही. जुने सुती वस्त्र घरात उरले नाही म्हणजे गोधडीही मागे पडते.

सण मात्र चिवट असतात. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देतात, रोटांसाठी धान्य मुठीने मोजतात आणि सोमवारी विसर्जन करतात. रोट भाऊबंदांनी मिळून खावयाचे असतात. म्हणून अबोला धरलेले भाऊही त्या दिवशी एका पंक्तीस बसतात.

घरगुती औषधांच्या बाबतीत मात्र निवड हवी. पोटदुखीला ओवा, खोकल्याला आले-मध, यांत वावगे काही नाही. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी तर शास्त्रानेही मानले आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजवून असंख्य प्राण वाचविले. परंतु काविळीत नाकात झाडपाल्याचा रस घालणे जिवावर बेतू शकते. वाफेने भाजलेल्या हातावर हळद थापण्यापेक्षा तो आधी थंड पाण्याच्या धारेखाली धरावा व दवाखाना गाठावा. १९९४ साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा कामी आली ती टेट्रासायक्लीनसारखी औषधे, काढे नव्हेत.

मग जुने जपावे कसे? आयर्लंडने यासाठी एक सोपी वाट काढली. १९३७ ते १९३९ या काळात तेथील लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांकडून गावचे कसब, चालीरीती व घरगुती उपचार यांची माहिती लिहवून घेतली. मुलांनी घरातील वृद्धांना विचारले आणि ऐकले तसे वहीत उतरविले. डब्लिनच्या विद्यापीठात तो संग्रह आजही जपलेला आहे.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील मुलांना हे अवघड नाही. शंभर पानांची एक वही आणि सुटीतील एक दुपार पुरे. आजीने सांगावे, नातवाने लिहावे. शब्द अहिराणीतलेच ठेवावेत, ते सुधारू नयेत. औषधांच्या पानांवरून डॉक्टरांची नजर फिरवून घ्यावी. आजी कायमची राहणार नाही, वही राहील.