गाडी विकली, पण नाव कोणाचे?

(काल्हेर, ता. भिवंडी येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मी कृषिविद्या विषय शिकवतो. त्यामुळे आज मी भाताच्या लावणीवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु काल्हेरला येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरांपेक्षा गोदामेच अधिक दिसली आणि कितीतरी दारांपुढे टेम्पो उभे होते. आता संसाराचा बराच भार या चाकांवर आहे. म्हणून आज गाडीच्या व्यवहारात होणाऱ्या फसवणुकीविषयी दोन शब्द सांगणार आहे.

प्रथम घरचेच उदाहरण देतो. माझ्या चुलत्यांनी जुना टेम्पो एका दलालामार्फत विकला. पैसे रोख मिळाले, स्टँप पेपर झाला. दलालाने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि ‘काका, नावाचे मी बघतो’ असे सांगितले. दीड वर्षाने पोलीस दारात आले. टेम्पोने एका सायकलस्वाराला धडक दिली होती. चालवणारा कोण, हे काकांना ठाऊकही नव्हते. विमा संपलेला आणि आरसी बुकावर नाव मात्र काकांचेच! भरपाई भागवताना गोठ्यातील दोन म्हशी विकाव्या लागल्या.

असे का झाले? मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तोच मालक. स्टँप पेपरने नोंदणी बदलत नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात २००७ साली विकलेली गाडी हातोहात पुढे गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मूळ मालकावरच ठेवली.

दलालाला कोरे फॉर्म का हवे असतात, तेही समजून घ्या. गाडी स्वतःच्या नावावर न घेता त्याला ती पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची असते. तेवढ्यात गाडीचे काहीही झाले तरी नाव तुमचे राहते.

यासाठी गाडी विकताना पुढील काळजी घ्यावी.

१) फॉर्म २९ व ३० वर घेणाऱ्याचे नाव, पत्ता व तारीख भरल्याशिवाय सही करू नये.

२) विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे व पोच जपून ठेवावी. घेणाऱ्यानेही ३० दिवसांत कळवायचे असते.

३) १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राचा नियम लागू आहे. ते पाहूनच गाडी सोपवावी आणि सोपवल्याची ऑनलाइन नोंद करून घ्यावी.

४) नाव बदलल्याचे स्वतः पाहावे. त्यासाठी मोबाईलवरील एम-परिवहन ॲप उपयोगी पडते.

आता गाडी घेणाऱ्यांसाठी. आपण बियाणे घेताना प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी पाहतो, लॉट नंबर पडताळतो, पक्की पावती घेतो. मग लाखोंची गाडी नुसता रंग पाहून कशी घेता? गाडीचा लॉट नंबर म्हणजे चॅसी नंबर व इंजिन नंबर. ते आरसी बुकाशी अंक न् अंक जुळवावेत. खरवडल्यासारखे दिसले, तर तो सौदा सोडून द्यावा. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र व फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. अन्यथा पैसे तुमचे जातील आणि गाडी वित्त कंपनी ओढून नेईल. थकीत कर, दंडाची चलने व विम्याची मुदतही तपासावी. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

शेवटची बाब मोबाईलची. ‘तुमच्या गाडीचे चलन फाटले आहे, सोबतची फाईल उघडा’ असा संदेश व्हॉट्सॲपवर येतो. त्यात गाडीचा नंबरही बरोबर असतो, म्हणून विश्वास बसतो. ती फाईल म्हणजे एपीके, अर्थात चोराचे ॲप. ते मोबाईलमध्ये शिरले की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जातात. पोलीस चलनासाठी एपीके पाठवत नाहीत. चलन पाहायचे असेल, तर शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेल्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

बंधूंनो, घरी गेल्यावर एक काम जरूर करा. आजवर विकलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर घालून आज मालक कोण आहे ते पाहा. नाव अजून तुमचेच निघाले, तर कागद घेऊन परिवहन कार्यालयात जा. माझ्या काकांना ही संधी मिळाली नाही, तुम्हाला आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.