दुरुस्ती जानेवारीत आली, बँका जुलैत बंद पडल्या



३१ जुलै २०२४ हा दिवस बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आठवत असेल तर तो पीकविम्यामुळे. एक रुपयात विमा भरण्याची वाढीव मुदत त्या दिवशी संपत होती. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. सी-एज टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी तात्पुरती देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून वेगळी केल्याचं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जाहीर केलं. ही कंपनी स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी यांच्या भागीदारीतली. तिचं काम लहान बँकांना संगणक यंत्रणा पुरवण्याचं. ती तोडल्याबरोबर देशभरातल्या सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार थांबले. तपासणी करून दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली.

देशाच्या एकूण पेमेंट व्यवहारांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्यात दिलासा होता हे खरं. पण तो अर्धा टक्का कोणाचा? तालुक्याच्या बँकेत ज्याचं एकुलतं एक खातं आहे त्याचा. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराकडे तीन बँकांची कार्डं असतात, एक चाललं नाही तर तो दुसरं काढतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाकडे दुसरं काही नसतं. त्यांच्यासाठी ती बँक म्हणजेच सगळी बँकव्यवस्था.

सी-एजला तोडावं लागलं ते सायबर हल्ल्यामुळे. तो कसा झाला? बेंगळुरूच्या क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने ऑगस्टमध्ये आपला निष्कर्ष मांडला. त्यानुसार हल्लेखोर खंडणीखोर टोळीतले होते आणि ते सी-एजच्या दारातून आत आलेच नाहीत. सी-एजबरोबर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीचा एक सर्व्हर नीट बंदोबस्त न करता ठेवलेला होता, तिथून ते शिरले. त्या सर्व्हरवर जेन्किन्स नावाचं सॉफ्टवेअर चालत होतं. आजचा माझा विषय हे जेन्किन्स आणि त्याच्यासारखी सॉफ्टवेअर हाच आहे.

जेन्किन्स खातेदाराला कधी दिसत नाही. बँकेच्या प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो तपासायचा, बांधायचा आणि ठरलेल्या सर्व्हरवर नेऊन बसवायचा, ही रोजची कामं माणसाऐवजी ते करतं. कोहसुके कावागुची या जपानी प्रोग्रॅमरने २००४च्या सुमारास ते हडसन या नावाने सुरू केलं आणि २०११ मध्ये त्याला जेन्किन्स हे नाव मिळालं. फुकट मिळतं आणि उत्तम चालतं, म्हणून जगभर पसरलं. आता हे लक्षात घ्या की जे सॉफ्टवेअर दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन काम करतं, त्याच्याकडे त्या सर्व्हरचे पासवर्ड आणि किल्ल्या असाव्याच लागतात. वाड्याच्या दिवाणजीच्या कमरेला सगळ्या खोल्यांचा जुडगा असायचा, तसं. म्हणून साध्या संगणकातल्या त्रुटीपेक्षा अशा स्वयंचलन सॉफ्टवेअरमधली त्रुटी कितीतरी पटीने घातक ठरते.

क्लाउडसेकच्या म्हणण्यानुसार हल्लेखोरांनी वापरलेली जेन्किन्समधली त्रुटी काय होती, ते मी थोडं जवळून दाखवतो, कारण ती कळायला अजिबात अवघड नाही. जेन्किन्सला दुरून आदेश देता येतात. आदेश वाचण्यासाठी त्यात एक तयार भाग वापरला होता आणि त्या भागात एक सोय होती. आदेशात ॲट हे चिन्ह, आणि त्याला जोडून फाइलचं नाव लिहिलं, की तो ती फाइल उघडून त्यातला मजकूर आदेश म्हणून वाचायचा. मोठे आदेश पुन्हा पुन्हा टाइप करायला नकोत, एवढाच त्यामागचा हेतू. पण मजकूर आदेशाच्या साच्यात बसला नाही की जेन्किन्स चूक दाखवायचं, आणि ती दाखवताना फाइलमधली ओळच समोर छापायचं! म्हणजे लॉगिन न करता, बाहेरचा माणूस सर्व्हरवरच्या फाइलींच्या पहिल्या काही ओळी वाचू शकत होता. थोडी परवानगी मिळाली तर अख्खी फाइल. किल्ल्या ठेवलेल्या असतात त्या फाइलीही यातून सुटत नव्हत्या.

ही त्रुटी सोनारसोर्स कंपनीच्या संशोधकाने शोधली आणि जेन्किन्सच्या मंडळींना कळवली. त्यांनी २४ जानेवारी २०२४ला दुरुस्त आवृत्ती फुकट उपलब्ध करून दिली. लगेच आवृत्ती बदलणं ज्यांना शक्य नाही त्यांनी दुरून आदेश घेण्याची सोय तेवढी बंद करावी, असंही सांगितलं. त्यासाठी जेन्किन्स बंद करून पुन्हा सुरू करण्याचीही गरज नव्हती. थोड्याच दिवसांत हल्ला कसा करायचा याचे नमुने इंटरनेटवर उघड फिरू लागले. जानेवारीअखेरच्या पाहणीत जगात सुमारे पंचेचाळीस हजार जेन्किन्स सर्व्हर दुरुस्तीविना उघडे आढळले. त्यातले अडीच हजारांहून जास्त भारतातले होते.

२४ जानेवारी ते ३१ जुलै. सहा महिने आणि एक आठवडा. क्लाउडसेकचं म्हणणं धरून चाललं, तर एवढा काळ दुरुस्ती हाताशी असूनही त्या तंत्रज्ञान कंपनीचा सर्व्हर तसाच राहिला.

आपल्या राज्याने हे आधीही पाहिलं होतं. २०१७च्या जूनअखेरीस नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्यात न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका मोठ्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो व्हायरस पसरण्यासाठी जे मार्ग वापरत होता, त्यातल्या एका विंडोजच्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिला होता. मधल्या मे महिन्यात त्याच त्रुटीवरून वॉनाक्राय या दुसऱ्या व्हायरसने जग हादरवलं, तरीही जूनमध्ये पुन्हा तेच घडलं.

मग लोक पॅच का टाकत नाहीत? आळस म्हणून हा प्रश्न उडवून लावणं मला मान्य नाही. माझी नोकरी या कामात गेली आहे, म्हणून पॅच टाकण्याची रात्र कशी असते ते सांगतो. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून रात्र ठरते शनिवारची. आदल्या दिवशीचं डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचं काम, नीट झालंय ना ते पाहायचं, बॅकअप घ्यायचा आणि तो खरंच उघडतो का ते तपासायचं. चाचणीच्या सर्व्हरवर पॅच आधी टाकून झालेला असतो, तरी मुख्य सर्व्हर बंद करताना छातीत धडधडतं. सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंतची दहा मिनिटं कोणी बोलत नाही. पहाटे पासबुक छापून पाहायचं, एटीएमवर शंभर रुपये काढून पाहायचे. सगळं सुरळीत झालं तर सोमवारी कोणाला पत्ताही लागत नाही. बिघडलं तर मात्र पहिला फोन पॅच टाकणाऱ्या पोराला येतो. न टाकलेल्या पॅचबद्दल त्याला कधीच कोणी विचारत नाही, टाकलेल्या पॅचबद्दल बोलणी खावी लागतात. अशा ठिकाणी हुशार माणूसही “पुढच्या महिन्यात बघू” असंच म्हणायला शिकतो.

ही भीती खोटी नाही. सी-एजच्या घटनेआधी बाराच दिवस, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एकाच महिन्यात एकीकडे घाईघाईने सगळीकडे पाठवलेल्या अपडेटने घात केला आणि दुसरीकडे न टाकलेल्या पॅचने. या दोन्हींतून मला एकच गोष्ट दिसते. सॉफ्टवेअर ताजं ठेवणं ही नेमून दिलेली, वेळ आणि पैसा दिलेली जबाबदारी असावी लागते. आधी थोड्या यंत्रांवर, मग सगळ्यांवर, आणि बिघडलं तर मागे यायची वाट तयार. सवड मिळेल तेव्हा करायचं हे काम नव्हे.

नियम नाहीत असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि २०१९च्या डिसेंबरात बँकांच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पायऱ्या ठरवल्या. पॅचची नोंद ठेवणं त्यात आहेच. पण आपल्या जिल्ह्यातल्या गल्लोगल्लीच्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत येत नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर कोणी बनवलं, ते कोणत्या सर्व्हरवर आहे, तो सर्व्हर कोणाच्या ताब्यात आहे, हे संचालकांनाही अनेकदा माहीत नसतं.

म्हणून माझी विनंती तुम्हाला आहे, सभासद म्हणून. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिथे आपण लाभांश विचारतो, थकबाकी विचारतो. यंदा तीन गोष्टी आणखी विचारा. आपल्या आणि आपल्या पुरवठादाराच्या सर्व्हरांची यादी संस्थेकडे आहे का? शेवटचा पॅच कोणत्या तारखेला टाकला? आणि ज्याच्यावर ही जबाबदारी आहे त्या माणसाला अर्ध्या रात्री सर्व्हर बंद करण्याचा लेखी अधिकार आहे का? “सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही” असं उत्तर येईल. ते स्वीकारू नका. सर्व्हरचा पत्ता गुप्त असावा, पॅचची तारीख गुप्त ठेवण्याचं काही कारण नाही.

लहान संस्थेला असा माणूस परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. चार-पाच संस्थांनी मिळून एक ठेवावा. अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आणि बीडच्या तंत्रनिकेतनातून शिकलेली मुलं याच कामासाठी हिंजवडीला जाऊन परदेशी कंपन्यांचे सर्व्हर रात्रभर सांभाळतात. त्यातल्या एखाद्याला इथे पगार, लेखी अधिकार आणि महिन्यातला एक हक्काचा शनिवार द्या. ते काम बीडमध्ये बसून होतं.