नाथांचा संवाद आणि आमची वही

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या रात्री दिंडीच्या वतीने केलेले भाषण)

संतसज्जन हो, आयाबायांनो, आणि खालच्या आळीतून आलेल्या आमच्या भावांनो,

दिंडीला शंभर वर्षं झाली. गेले सहा दिवस तुम्ही कीर्तनं ऐकलीत, पंगती उठल्या, ज्यांनी दिंडी उभी केली त्यांची नावं घेतली गेली. ते योग्यच झालं. आज मात्र आम्हाला दिंडीचं कौतुक सांगायचं नाही. आपल्या वहीत जे लिहायचं राहिलं, ते सांगायचं आहे.

वही तुम्हाला ठाऊक आहे. लाल कापडात बांधलेली. शिधा कुणी दिला, टाळकरी किती चालले, मुक्काम कुठं पडला, सारं दरसाल लिहिलेलं. त्या वहीत एका साली एवढंच आहे की, यंदा दिंडी बाहेरच्या रस्त्यानं निघाली. पुढल्या दोन सालीही तेच. का निघाली, ते कुणी लिहिलं नाही. नवीन पोरांनी विचारलं तर आम्ही सांगायचो, बाहेरचा रस्ता रुंद आहे, ट्रकला बरं पडतं. ते खोटं होतं, माउली.

खरं असं आहे. सुरुवातीपासून आपली दिंडी देवळातून निघाली की मुसलमान आळीतून वेशीकडं जायची. पिंजाऱ्याच्या दारात पाण्याचा रांजण भरलेला, शेजारी परातीत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. म्हातारे चाचा वीणेकऱ्यांना उराउरी भेटायचे आणि म्हणायचे, "बुवा, आमचाबी रामराम सांगा पांडुरंगाला." असं किती वर्षं चाललं, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

मग एका बाजारच्या दिवशी अफवा उठली. कुणाच्या फोनवर काय आलं, कुणी काय पाहिलं, धड कुणालाच सांगता येईना. तिसऱ्या दिवशी एकादशीची फेरी आळीतून जाताना दगड आला आणि पताका धरलेल्या आपल्या पोराच्या कपाळाला लागला. त्याच रात्री आळीतल्या एका घरची कडब्याची गंजी पेटली. दोन हजार पेंढ्या होत्या. वर्षाची वैरण गेली, आणि श्रावणाच्या आत त्या घरानं बैलजोडी बाजारात नेऊन विकली.

दगड कुणाचा, ते त्यांना माहीत होतं. काडी कुणी ओढली, ते आम्हाला माहीत होतं. दोन्हीकडची माणसं गप्प बसली. शांतता समितीची बैठक झाली, सह्या झाल्या, चहा झाला. एकाच बाकावर बसून आम्ही चहा प्यायलो आणि एकमेकांकडं न बघता घरी आलो.

आता नाथांकडं येऊ. पैठणचे नाथमहाराज. त्यांची एक गोष्ट आपण कीर्तनात हजारदा ऐकली आहे. नाथ गोदावरीवर स्नान करून येतात, एक यवन त्यांच्यावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात. असं एकशे आठ वेळा होतं, आणि शेवटी तोच पाय धरतो. गोष्ट गोड आहे. पण आपल्याला ती का आवडते, याचा विचार करा. त्या गोष्टीत चूक समोरच्याची असते आणि शांती आपली असते.

नाथांच्याच गाथ्यात भारुडांमध्ये हिंदू-तुर्क संवाद आहे. तो मात्र आपल्या फडावर फारसा कुणी म्हणत नाही. का? त्यात समोरचा बोलतो, म्हणून. नाथांनी तुर्काच्या तोंडी त्याची दखनी बोली घातली आणि त्याला मोकळं बोलू दिलं. तो विचारतो, देव दगडात कसा बसवता? तुमच्या पुराणात देवच असं कसं वागतात? तुम्ही माणसाला माणूस शिवू देत नाही, जेवणातसुद्धा सोवळंओवळं पाळता, हा कसला धर्म? हिंदूही गप्प बसत नाही. तो विचारतो, देव सगळीकडं आहे म्हणता, मग एकाच दिशेला तोंड का? जीव मारून देव कसा पावेल? हिंदूला तुर्क करून देवाचा काय लाभ? दोघंही एकमेकाला सोडत नाहीत. शब्द इतके झोंबरे आहेत की आज ते चौकात वाचायला आपण दचकू.

आणि शेवटी काय होतं? दोघं एकमेकाला नमस्कार करतात, आदरानं मिठी मारतात, दोघांचं समाधान होतं. कुणी धर्म सोडत नाही, कुणी जिंकत नाही. वर्मावर बोट ठेवून झाल्यावरच दोघांना कळतं की जायचं ठिकाण एक आहे, वाटा वेगळ्या. नाथांनी भांडण झाकलं नाही. ते पुरतं होऊ दिलं आणि मग भेट घडवली. चारशे वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला.

आमच्या त्या वेळच्या वीणेकरी बुवांनी हे ओळखलं. तिसऱ्या वर्षी वैशाखातल्या एकादशीला त्यांनी खालच्या आळीत निरोप धाडला : "हरिपाठानंतर गाथा वाचतो आहे, ऐकायला या." चौदा-पंधरा माणसं आली. देवळाच्या पायरीशी, अंगणात बसली. बुवांनी तो संवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मध्यावर आमच्यातले दोघं उठून गेले. तिकडचा एक तरणाही उठला, पण चाचांनी त्याचा हात धरून खाली बसवला. एका ठिकाणी तुर्काचं बोलणं ऐकून आत्याबाईंना हसू फुटलं. त्या म्हणाल्या, "खरंच बोलतोय की मेला!" मग सगळेच हसले.

वाचून झाल्यावर बुवा म्हणाले, "आता आपलं बोला." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्यांची गंजी जळाली, ते घरधनी उभे राहिले. म्हणाले, "आग लागली तवा बादली घेऊन कुणीच आलं न्हाई. तुमची घरं वीस पावलांवर. गंजी गेली त्याचं दुख्ख हाय, पण कुणी आलं न्हाई ते जास्त लागलं." त्यावर पोराच्या आईनं विचारलं, "आन् माझ्या लेकराच्या कपाळाचं?" चाचा म्हणाले, "बाई, पोरगं कुणाचं ते आमाला ठावं होतं. आमी झाकलं. चुकलं आमचं."

मग आमच्यातून एक जण उठला. त्यानं आपलं नाव घेतलं. ते नाव आम्ही इथं छापत नाही. त्या आठवड्यात त्यानं स्वतः पाचशे पेंढ्या गाडीत भरून नेल्या आणि गंजी रचायला हात लावला. बाकीच्या पेंढ्या दिंडीकऱ्यांनी शेकड्यानं जमवल्या. त्या साली दिंडी पुन्हा जुन्या वाटेनं निघाली.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं, मिटलं. सगळं मिटलेलं नाही. दगड मारणारं पोर कामासाठी शहरात गेलं, ते अजून भेटलेलं नाही. ज्या घरचे बैल गेले, त्या घरातल्या मावशी दिंडी जाताना आजही दार लावून घेतात. आम्ही दार वाजवत नाही. त्या दारापुढं टाळ हलका होतो, एवढंच. चूक कबूल करणं आणि नुकसान भरून देणं आपल्याकडं. माफ कधी करायचं, करायचं की नाही, हे ज्याचं गेलं त्याच्याकडं. तिथं घाई करणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे.

वहीतलं आणखी एक पान रिकामं आहे. १९४७ साल. त्या वर्षी १ मेपासून १० मेपर्यंत साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते. ज्यांना अस्पृश्य म्हणून विठोबाच्या दारात अडवलं जात होतं, त्यांच्यासाठी. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवत होते. उपोषणाला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात, म्हणजे वारकऱ्याच्याच दारात. आणि विरोध करणाऱ्यांतही वारकरी होते. चोखोबांचे अभंग गाणारे आपण, आणि चोखोबांची समाधी मात्र महाद्वाराच्या बाहेर. तुर्कानं नाथांच्या संवादात विचारलेला शिवाशिवीचा प्रश्न साडेतीनशे वर्षांनीही आपल्या दारात उभा होता. आमची दिंडी त्या वेळी कुठल्या बाजूला होती? वहीत एक ओळ नाही. त्या पिढीचं आज कुणी उरलं नाही. लाज वाटण्यासारखं काही असेल म्हणूनच पान रिकामं राहिलं, असं आम्ही समजतो.

माउली, दुसऱ्या धर्माच्या माणसाशी गोड बोलणं म्हणजे सलोखा, असा आपला समज आहे. तुकोबारायांची पालखी देहूतून निघते, तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. आपण तिथं उभे राहतो, हात जोडतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संत मानतो, त्यांच्या ‘योगसंग्राम’चं नाव आदरानं घेतो. हे आपलं धन आहे. पण दर्ग्यापाशी दरसाल थांबणारे पाय आपल्याच गावात, आपल्याच आळीला वळसा घालून तीन वर्षं गेले. रिवाज होता, म्हणून भांडण टळलं नाही. पण रिवाज होता, म्हणून परत यायला वाट शिल्लक होती. चाचा त्या तिन्ही वर्षी रांजण भरून ठेवत होते. हे आम्हाला नंतर कळलं.

म्हणून दिंडीच्या पंचांनी ठरवलं आहे. वहीतल्या त्या तीन सालांपुढं खरं कारण लिहायचं आणि दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या घ्यायच्या. १९४७ च्या पानावर लिहायचं की, आम्ही गप्प होतो. आणि दरसाल प्रस्थानाच्या आदल्या एकादशीला देवळाच्या अंगणात नाथांचा तो संवाद वाचायचा. वाचून झालं की, वर्षात कुणाचं काही दुखलं असेल, तर त्यानं तिथंच बोलायचं. उठून जायला बंदी नाही. ज्याला जायचं त्यानं जावं, पण पुढल्या साली परत यावं.

उद्या काला आहे. काल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, कुणाची भाकरी कोणती ते ओळखू येत नाही. खालच्या आळीतून गूळ-शेंगदाणे येणार आहेत, ते काल्यात पडतील. मावशींच्या दारातही एक वाटी पोचवायची आहे. उंबऱ्यावर ठेवून यायची, हाक मारायची नाही.

आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या.

रामकृष्णहरी!