फायलीत बाईचं नाव
(वाडीवरच्या बैठकीतलं भाषण)



सातारा-सांगलीच्या डोंगरात वनहक्काचे दावे भरायला आम्ही कार्यकर्ते वाड्या-वाड्या फिरतो. बहुतेक ठिकाणी बैठक देवळापुढच्या पारावर, तीही रात्री स्वयंपाकाच्या वेळेला. पारावर सासरा, दीर बसलेले. त्यांच्यासमोर सून वर चढत नाही, दाराआडून ऐकते. मग पुरुष म्हणत्यात, "बायकांना यायचंच नसतं." त्यांना बसायला जागा कुठं ठेवलीय?

वनखात्याची माणसं आली की मात्र "बायांनो, व्हा पुढं!" मोर्चातही बाया पुढं. अर्ज भरायच्या दिवशी त्या मागं.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं, लग्न झालेलं असलं तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. एकटी बाई घर चालवत असली तर तिच्या एकटीच्या नावानं. वनहक्क समितीत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, त्या हजर माणसांतही तिसरा हिस्सा बाया. रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतले म्हणजे हजेरी झाली नाही.

आणि पुरावा? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे हे दाखवायचंय. जुना बांध कुठला, नाचणी कुठवर लावायचो, सरपण, हिरडा, शिकेकाई कुठनं आणतो, हे बाईला पाठ. हद्द दाखवायला मात्र पुरुष जातो आणि निम्मी विसरून येतो.

काही भाऊ म्हणत्यात, "बायकोचं नाव लावलं तर लोक हसत्याल." हसू द्या की! उद्या नवऱ्यानं दुसरी केली तर पहिलीनं कुठं जायचं? वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी अशाच टाकलेल्या बायांना संघटित केलं. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घराला जागा, ही त्यांची मागणी. आयुष्यभर सासरच्या रानात राबल्या, पण कागदावर कुठंच नव्हत्या.

म्हणून पुढची बैठक पारावर नको. शाळेत घ्या, दुपारी. भाकरी त्या दिवशी पुरुषांनी थापायच्या. जमत नसतील तर भात घाला. दाव्याच्या प्रत्येक फायलीत दोघांची नावं, दोघांच्या सह्या किंवा अंगठे. वाडीतल्या विधवा नि टाकलेल्या बायांचे अर्ज आधी भरायचे, बाकीचे त्यानंतर.